शिवकन्याच्या बोटावरची खपली

मी एक जुना प्रथिनाचा कण आहे, मित्रांनो. जुना म्हणजे पाच दिवसांचा; आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. माझं नाव फायब्रिनोजेन. परळीच्या शिवकन्याच्या यकृतात माझा जन्म झाला, आणि तेव्हापासून तिच्या रक्तातून फिरता फिरता मी तिची धडधड ऐकत आलो.

माझं काम साधं. रक्तवाहिनी फुटली की आम्ही लाखो जण धागे होऊन एकमेकांत गुंततो, जाळी विणतो, रक्त थांबवतो. एरवी आमची कुणाला आठवणही नसते.

पण मागच्या महिन्यात, माझ्या जन्माआधीच, आमची बदनामी झाली. शिवकन्याचा उजवा हात बधिर झाला. तीन वर्षांच्या लेकीची, धनश्रीची वेणी घालताना केस बोटांना जाणवेनात. बीडच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, उंदरानं वायरचं प्लास्टिक कुरतडावं तसं मज्जातंतूंवरचं आवरण झडतंय. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत झिरपली की गुठळी बांधणारं प्रथिन आत शिरतं; तिथल्या पहारेकरी पेशी चवताळतात, आवरणाची डागडुजी अडते. यावर संशोधन चालू आहे, असंही त्या म्हणाल्या. तिच्या नवऱ्यानं, महारुद्रनं, त्यातला 'गुठळी' एवढाच शब्द घरी आणला.

खोटं कशाला बोलू? माझे भाऊबंद त्या भिंतीतून आत गेलेत. कुणाचं वाईट करायला नव्हे. फट होती, ओढले गेले.

काल संध्याकाळी सासरे मोहनरावांनी आपली रक्त पातळ करायची गोळी अडकित्त्यात धरली आणि सुपारीसारखी कातरली.

"घे पोरी. अर्धी तुला, अर्धी मला. माजी बी गुठळीच हाय."

"मामा, डॉक्टरांना विचारते आधी."

"इचारंपर्यंत हात जाईल," सासूबाई शिवकांता म्हणाल्या. "लेकराकडं बघ जरा!"

ती दुसरं काय करत होती? लेकराला उचललं आणि हातातून सुटलं तर, हाच घोर तिला दिवसभर. तिनं अर्धी गोळी ताटलीत ठेवली. "भेंडी चिरून झाली की घेते."

विळीवर तिचे हात भराभर चालले होते.

"आई, भेंडी लाल झाली," धनश्री म्हणाली.

बोट कापलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता! महारुद्र फडकं घेऊन धावला. मित्रांनो, माझी वेळ आली. थ्रॉम्बिन नावाच्या रक्तातल्या कात्रीनं माझे चिमुकले तुकडे छाटले, मी धागा झालो, शेजाऱ्याला घट्ट धरलं. काही मिनिटांत रक्त थांबलं.

शिवकन्या बोटाकडे बघत राहिली. मग ताटलीकडे. ती गोळी पोटात असती तर? डाव्या हातानं तिनं फोन लावला.

"अजिबात घेऊ नका," डॉक्टरबाईंचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "ती त्यांच्या हृदयासाठी, त्यांच्या मापाची. तुमची औषधं वेगळी. आणि त्यांचीही गोळी अर्धी करू नका!"

मोहनरावांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन पाण्याबरोबर गिळले. "आता अडकित्ता सुपारीलाच," पुटपुटले.

आता मी खपली आहे. चार दिवसांत गळून पडेन. जाण्याआधी एवढंच मागतो, मित्रांनो. मला वैरी ठरवून दुसऱ्याच्या गोळीनं मारू नका. भिंत कुठे झिरपते ते जाणकाराला विचारा.

आज सकाळी वेणी घालताना धनश्रीचा एक केस माझ्यात अडकला. आईला कळलं नाही. मी तो धरून ठेवलाय.