रडक्या बाकावरचे साहेब

चर्चमध्ये पाळक झालेला भाचा दारातूनच "मावशी, गुडघे कसे आहेत?" असं विचारत आला, की त्याला काहीतरी हवं आहे हे ओळखावं. मावशीने ओळखलं आणि मटार सोलणं चालू ठेवलं.

"गुडघे जागच्या जागी आहेत. तू मुद्द्यावर ये."

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. अर्ध्या वस्तीला तिने सुया टोचल्या होत्या, म्हणून निवृत्तीनंतरही लोक तिला इंजेक्शनमावशीच म्हणत. या भाच्यालाही तिनेच टोचलं होतं. तेव्हा तो असा काही ओरडला, की हा पुढे उपदेश करणार याची तिला खात्रीच पटली.

मुद्दा असा होता. उद्याच्या उपासनेला मंत्रीसाहेब येणार होते. निवडणूक तोंडावर आल्यामुळे त्यांना सगळ्याच धर्मांचा जिव्हाळा दाटून आला होता. इकडे चर्चची कुंपणाची भिंत रस्तारुंदीत जाणार होती आणि ती वाचवणं साहेबांच्या हातात होतं. साहेब पहिल्या बाकावर बसणार, फोटो निघणार, उपदेश झाला की ते उठून दोन शब्द बोलणार.

"पहिल्या बाकावर मी बसते," मावशी म्हणाली.

"म्हणून तर आलोय. एकच रविवार मागे बस ना. तिसऱ्या रांगेत, खांबापाशी."

"खांबामागे म्हण."

त्या चर्चमध्ये पहिलं बाक मानाचं नव्हतं, दुःखाचं होतं. ज्याच्या घरी वर्षभरात मयत झालं असेल त्यानेच तिथे बसायचं. बसलेल्याने उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत बोलायचं नाही, गायचं नाही. त्याच्या वाटचं गाणं बाकीच्या मंडळींनी गायचं. पोरं त्याला रडकं बाक म्हणत. मावशीचा नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. तो शिंपी होता आणि भयंकर बेसूर गायचा. तो गेल्यावर तिच्या गळ्यातून सूरच फुटेना. पण त्या बाकावर बसलं की मागून सगळी मंडळी तिच्यासाठी गात, आणि आठवडा कसाबसा निभावून जाई. खांबामागे बसून ते ऐकू आलं असतं, पण ते तिच्यासाठी नसतं.

"मंत्र्याच्या घरी कोण गेलंय?"

"मावशी, राज्यकर्ते देवानेच नेमलेले असतात."

"देवाने नेमलंय ना? मग मतं कशाला मागत फिरतोय?"

भाच्याने ढिगातली एक शेंग सोलायला घेतली. "भिंत जाईल गं. लोक मलाच धरतील."

"तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या मांडीला चिकटून त्याच बाकावर बसला होतास. कुणा साहेबासाठी तुला उठवलं होतं का रे?"

तो उठला. जाताना सवयीने मूठभर मटार तेवढे उचलले.

रविवारी मावशी दार उघडायच्या आधीच जाऊन उभी होती. बाकाच्या मधोमध ती बसली. एका बाजूला पर्स, दुसऱ्या बाजूला छत्री. आभाळ निरभ्र होतं.

साहेब आले ते गाड्यांचा ताफा घेऊन. त्यांचा चिटणीस आधी आत शिरला आणि मावशीपाशी वाकला. "आजी, जरा मागे बसता का?"

मावशी गप्प.

"आजी, ऐकू येतंय ना?"

मावशी गप्प. कुणीतरी मागून चिटणिसाला बाकाचा नियम सांगितला. त्याचा चेहरा उजळला. असले नियम हा त्याच्या डाव्या हातचा मळ होता.

"अहो, मग अडचणच मिटली! साहेबांच्या मातोश्री गेल्यात की."

"कधी?" नियम सांगणाऱ्याने विचारलं.

"दुःखाला काय मुदत असते का?"

मागोमाग आत आलेल्या साहेबांनी लगेच रुमाल काढला. मावशीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पर्स उचलून मांडीवर घेतली आणि सरकली. आई गेली म्हणणाऱ्याला उठवायचं कसं? फोटोवाल्याने पटापट फोटो काढले. साहेब दुःखात फार चांगले दिसत होते.

उपदेश संपला. साहेबांनी कोट नीट केला, खिशातून भाषणाचा कागद काढला आणि पाळकाला मानेने खूण केली. पाळक व्यासपीठावर उभाच. साहेब अर्धवट उठले, तेवढ्यात मावशीने त्यांचं मनगट धरलं. लहान पोरांना धरायची तसं, न दुखवता पण सुटणार नाही असं. साहेब पुन्हा टेकले.

"पाळकसाहेब, नाव पुकारा ना," चिटणीस कडेने कुजबुजला.

पाळकाने बाकाकडे पाहिलं. मग तो बोलला, तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"साहेब, तुम्ही या बाकावर बसलात. इथे बसलेल्याने बोलायचं नसतं. माझी आई गेली तेव्हा मीही बोललो नव्हतो. तुमच्या वाटचं आम्ही गातो."

मंडळी उठली. तशी ती नेहमीचीच मंडळी होती, अर्धी झोपाळू, अर्धी खोकणारी. पण त्या दिवशी त्यांनी असं गायलं की खिडकीच्या काचा हलल्या. एक कडवं झालं, दुसरं झालं, आणि ज्या गीताची शेवटची कडवी एरवी कोणी गात नाही, तीही सगळी झाली. साहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. कागद हातातच चुरगळला. त्यानंतर आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, कैद्यांसाठी झाली आणि त्याच ओघात, आवाज न चढवता, राज्यकर्त्यांसाठीही झाली.

आशीर्वाद झाल्यावर साहेब सरळ गाडीत जाऊन बसले. चिटणीस मात्र पायरीवर थांबला.

"भिंत गेली म्हणून समजा, आजी."

बंधन संपलं होतं. मावशीने आधी घसा खाकरला.

"पाडा की. आत कोण बसलंय ते रस्त्यावरून तरी दिसेल."

"मावशी!" भाचा मागून म्हणाला. चिटणिसाकडे वळून तो म्हणाला, "मोजणीला माणसं पाठवाल तेव्हा आधी कळवा. मंडळी दारात उभी असतील."

"धमकी देताय?"

"नाही, आमंत्रण," मावशी म्हणाली. "आणि साहेबांना सांगा, पुढच्या रविवारीही या. शेवटच्या बाकावर भरपूर जागा असते. तिथे गाता येतं."