कलशातली बाई

"मुंग्या आल्या वं पायाले! त्या बुढ्याले म्हणा, जिपात चहा तरी पाठव."

समीक्षा मॅडमने चमकून मागे पाहिलं. शाळेच्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. कुरकुरत होता तो टेबलावरचा स्पीकर.

उपग्रहाकडून ढगांचं चित्र उतरवून मुलांना दाखवायचं, म्हणून तिने रेडिओलहरी पकडणारी यूएसबी काडी तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला जोडली होती. सकाळपासून तो कॉम्प्युटर काडीला टीव्हीची समजून अडून बसलेला. टीव्हीचा ड्रायव्हर बंद केला, अँटेना खिडकीत टांगला, तेव्हा कुठे पडद्यावर लहरींचा निळा धबधबा वाहू लागला. त्यात एक जाड पिवळी रेघ होती, म्हणजे अगदी जवळून येणारी लहर. तिच्यावर बोट ठेवलं, तर ही कुरकुर!

पुढच्याच क्षणी त्याच आवाजाने गळा काढला, "मी छाया बोलतो... रुख्मिणीनं करणी केली... तिनंच मले विहिरीत ओढलं..."

तेच शब्द खिडकीबाहेरून, पाराकडूनही आले. पाठोपाठ चाबकाचा फटका.

पारावर अख्खं गाव लोटलं होतं. परवा-परवा विहिरीत मेलेली सापडलेली इंद्रभानची बायको छाया कलशातून बोलते म्हटल्यावर घरी कोण थांबतं? "छायाच्या घरातलं मी ठाण्यात सांगणार," असं म्हणालेली शेजारीण रुख्मिणी लिंबाला बांधलेली. पोलकं फाटून पाठीला चिकटलेलं. चाबूक इंद्रभानच्या हातात.

"आत्मा हवेवर येते, हवेवरच जाते!" पारावर कलश मांडून बसलेले बुढे महाराज त्यावरचा नारळ कुरवाळत होते. "जो शंका घेईन, त्याचे कान सडतीन! मार इंद्रभान! बाईले नाही लागत, तिच्यातल्या चेटकिणीले लागून राह्यलं."

सोय चांगली होती. रक्त मात्र रुख्मिणीचंच सांडत होतं.

समीक्षा पॉवरबँकेवर चालणारं सगळं सामान चालूच ठेवून, ओढणीत गुंडाळून धावली, पारावर चढली आणि स्पीकरचा आवाज होता तेवढा मोठा केला.

"महाराज, हवेवर येते हे मात्र खरं बोललात!"

महाराजांचा हात झटकन नारळाखाली गेला. कलश मुका झाला. समीक्षाचा स्पीकर बोलतच राहिला, "मी छाया... हॅलो? आता रडू, का थांबू?"

कुणीतरी फिसकन हसलं. समीक्षाने कलश लाथाडला. तांदळासोबत छोटा स्पीकर, बॅटरी, वायर बाहेर घरंगळली.

"शाळेमागे उभ्या महाराजांच्या जिपात बाई माईकवर बोलते, ते हा डबा पकडतो. माझी काडीही तेच पकडते. भुताच्या पायाला मुंग्या येतात का हो?"

इंद्रभानने चाबकाची मूठ तिच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. काडीसकट कॉम्प्युटर त्याने दगडावर आपटला, टाचेखाली चिरडला. तेवढ्यात महाराज जिपाकडे पळाले. इंद्रभान चाबूक सावरत पुन्हा रुख्मिणीकडे वळला. त्याला अडवायला कुणी हललं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे पाहत होते.

"काडी फुटली," रक्त थुंकून समीक्षा म्हणाली. "तुमचे कान तर शाबूत आहेत ना? कलशातलं ऐकलं, तसं छायाच्या घरातलं ओरडणंही ऐकलं असेलच. कोण बोलतं, कुठून बोलतं, कुणाच्या फायद्याचं बोलतं... एवढं विचारायला मशीन लागत नाही."

गर्दीतून इंद्रभानची माय, विमलबाई, पुढे आली. रुख्मिणीच्या उघड्या पाठीवर तिने आपला पदर टाकला आणि चाबकाच्या आडवी उभी राहिली.

"माय, हो बाजूले!"

"काऊन? मलेही मारशीन?" ती गावाकडे वळली. "छायाले करणीनं नाही मारलं. यानं मारलं, अन् यानंच विहिरीत टाकलं. ते वरडत होती, तवा बाहेरून कडी म्या लावली होती."