शेवंताच्या सासूची गोळी

अर्धी गोळी सुरीखालून उडाली ती थेट फ्रिजच्या पलीकडे — टक् असा बारीक आवाज, आणि मग काहीच नाही. धारवाडात सप्तापूरच्या आपल्या दोन खोल्यांत अनसूयाबाई हातात सुरी धरून उभ्याच राहिल्या. वाकलं की चक्कर येते, आणि चक्कर येते ती गोळी अर्धीच घेते म्हणून... म्हणजे ही अर्धी शोधायला आधी सबंध गोळी खायला हवी! त्यांना एकटीलाच हसू आलं, आणि लगेच ओसरलं. विमा होता, पुण्याच्या मुलाने, अनिशने काढलेला. पण त्यात दवाखान्यात आडव्या पडलेल्या माणसाचं औषध बसत होतं, उभ्याने रोज गोळी गिळणाऱ्याचं नव्हे. जन्मभर शिकवलं ती शाळा विनाअनुदानित, म्हणून पेन्शन नाही. अनिशला सांगावं? — छे! त्याच्या लग्नाच्या बैठकीत मीच म्हणाले होते, मान ताठ करून, आमच्याकडे कशाला म्हणून कमी नाही. उचललेलं ते वाक्य आता खाली कसं ठेवायचं...

स्वस्त औषधांचं जनऔषधी दुकान धारवाडातही होतं. पण तिथे जुन्या विद्यार्थिनी भेटणार, ‘बाई, तुम्ही इथं?’ म्हणणार. म्हणून त्यांनी हुबळीला जाणारी चिगरी बस धरली आणि ओळखीचं कुत्रंही भेटू नये एवढ्या लांब, तिथल्या देशपांडे नगरात येऊन रांगेत उभ्या राहिल्या.

“शुगरिंदु, मूरु तिंगळिंदु कोडप्पा,” पुढून आवाज आला. तीन महिन्यांच्या साखरेच्या गोळ्या मागणारा तो आवाज — हा तर धारवाडातल्याच मालमड्डीच्या सरिताबाई कुलकर्णींचा! सुनेची, वेदश्रीची आई, आपल्या विहीणबाई! ज्यांचं औषध बेंगळुरूहून येतं म्हणे, ज्यांनी मानाची साडी बोटांच्या चिमटीत धरून ‘रोज नेसायला छान आहे हो’ म्हटलं होतं... अनसूयाबाईंनी झटकन छत्री उघडली. पाऊस नव्हता. छत्रीची काडी पुढच्या आजोबांच्या टोपीत अडकली, आजोबा “अय्यय्यो” म्हणून ओरडले आणि रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

“अय्या, विहीणबाई!” सरिताबाईंची पिशवी पदराआड गेली. “मी आपली... आमच्याकडे कामाला येते ना शेवंता, तिच्या सासूसाठी आले होते.”

“माझंही तसंच,” अनसूयाबाईंच्या तोंडून आपोआप निघालं. “दूधवाल्याच्या आईसाठी.”

गल्ल्यावरच्या माणसाने अनसूयाबाईंची चिठ्ठी वाचली. “ह्या अक्कांचीच गोळी की ही! औषध तेच, अम्मा, नुसता डबा वेगळा.”

दोघी बाहेर आल्या. बसथांब्याच्या बाकावर सरिताबाईंनी हळूच विचारलं, “तुमची ती... दूधवाल्याची आई, सबंध गोळी घेते?”

“अर्धी.”

“शेवंताची सासूही अर्धीच घ्यायची. गेल्या महिन्यात न्हाणीत पडली.”

“अगंबाई! लागलं का?”

“कोपर.” सरिताबाईंनी आपली डावी बाही खाली ओढली. “लेकीला सांगितलं नाही. सांगायचं कसं? एकदा मोठेपणा करून बसलं की...”

“की उतरता येत नाही,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पण तिला सांगा, आता सबंध घे म्हणावं. अगदी माझं नाव सांगा.”

“तुमच्या तिलाही सांगा हो.”

परतीच्या बसमध्ये नवनगर यायच्या आतच सरिताबाईंना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं अनसूयाबाईंच्या खांद्यावर आलं — जड, मोगऱ्याचं, किंचित घोरणारं. खांदा काढून घ्यावा असं वाटलं; साडीची ती चिमूट आठवली... आणि मग त्या बाहीखालचं कोपर. माणसाचा राग असा मधेच कुठे उतरतो, कुठल्या थांब्यावर? अनसूयाबाईंनी खांदा तसाच राहू दिला. उलट थोडा वर केला, मान अवघडू नये म्हणून. घरी गेल्यावर अनिशला फोन करायला हवा, त्यांच्या मनात आलं. काय म्हणायचं? ‘अरे, दूधवाल्याच्या आईला...’ नको. ‘अरे, मला...’ त्या पुढचा शब्द शोधत राहिल्या. जन्मभर मुलींची वाक्यं तपासली, आणि आता एक साधं वाक्य जुळेना — पण मनात नुसती एक हलकीशी धास्ती होती, वर्गात पहिल्यांदा शिकवायला उभं राहताना वाटली होती तशी.