आज तांबडं काय हाय?

ऑडिटचा निरोप आला की आपल्याकडच्या कारखान्यांत लग्नघरासारखी धांदल उडते. जमिनीवरचे पिवळे पट्टे पुन्हा रंगवले जातात, कुंड्या भाड्याने येतात, आणि जे दाखवण्यासारखं नाही ते टेम्पोत घालून पाहुणे जाईपर्यंत कुठेतरी फिरवत ठेवलं जातं. आपण सगळेच हे जाणतो आणि हसून सोडून देतो!

उद्धवरावांच्या कारखान्यातही हेच चालायचं. चाकणजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी शेड उभी केली होती. मोटार कंपनीला लागणारे पत्र्याचे पार्ट तिथे प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, निघत. माणूस कष्टाळू, मनाने मोकळा. फक्त त्या कंपनीचं ऑडिट म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं.

मग विजयश्री आली. मूळची लातूरची, राहायला रावेतला. ऑडिटची तयारी बघणं हे तिचं काम. तिच्या हट्टापायी सॉफ्टवेअर घेतलं गेलं आणि दारातच मोठा स्क्रीन लागला. नियमाचं प्रत्येक काम म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन: झालेलं हिरवं, चालू असलेलं पिवळं, राहिलेलं तांबडं. कोणाकडे काय अडलंय ते एका नजरेत दिसू लागलं. ऐनवेळी कागद शोधत पळणारी माणसं जागेवर बसली. खरंच, या मुलीने कारखान्याला शिस्त लावली, तीही कोणावर न ओरडता! उद्धवरावही आल्यागेल्याला कौतुकाने स्क्रीन दाखवत. सकाळी आले की त्यांचा एकच प्रश्न असे, "समदं हिरवं हाय ना?"

ऑडिटच्या आदल्या दिवशी मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. एक चौकोन तांबडाभडक होता.

"ताई, ह्यो कसला?"

"तीन नंबर प्रेसचा, साहेब. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बिघडलाय. मशीन सारखी थांबते म्हणून कोणीतरी तो बंदच करून टाकला. काल माझ्या नजरेस आलं. प्रेस थांबवा म्हटलं, तर शेडमधले म्हणाले साहेबांना विचारा."

"नवा सेन्सर कवा येतोय?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग आत्ता हिरवं करून टाका. आला की बसवू. उद्या त्यांच्या डोळ्यांत हे एवढंच खुपंल. नव्या गाडीचं काम हातचं जाईल, ताई!"

विजयश्री म्हणाली, "आधी माझ्याबरोबर प्रेसवर चला. मग काय करायचं ते तुम्हीच सांगा."

प्रेसवर भिवा होता. उद्धवरावांच्या भावकीतलाच. गावच्या भजनात त्याच्यासारखा पखवाज कोणी वाजवत नाही. तो वाजवायला बसला की उद्धवराव पुढे बसून मान डोलावत. विजयश्रीने त्याला बाजूला उभं केलं आणि मशीनच्या मागे चक्कर मारून आली.

"बसा साहेब. एक पार्ट काढून दाखवा."

उद्धवराव हसले. त्यांची उमेदीची वर्षं याच कामात गेली होती. ते ऐटीत बसले, पत्रा उचलला, तो नीट बसवायला हात आत घातला. पाय पॅडलकडे गेला आणि थबकला. हातावर प्रेसचा अवजड लोखंडी ठोकळा लटकत होता. शेजारच्या प्रेस धडाडत होत्या. त्या गोंगाटात ही चालू की बंद, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी झटकन हात मागे ओढला.

"आधी मेन स्विच बंद करा!"

"का साहेब? स्क्रीनवर हिरवंच करायचंय ना?"

भिवाला वाटलं, अण्णा उगीच घाबरले. तो समजूत घालत म्हणाला, "काय न्हाई होत, अण्णा. मी रोज घालतोय की हात."

रोज! उद्धवराव भिवाच्या हातांकडे बघतच राहिले.

"मेन स्विच मी मघाशीच बंद करून कुलूप लावलंय," विजयश्री हळूच म्हणाली. "किल्ली माझ्या खिशात आहे. तुमच्या हाताशी मी खेळेन का? पण भिवाभाऊंसाठी अशी किल्ली कोण खिशात ठेवतं? त्यांच्यासाठी बोलतोय तो फक्त तांबडा चौकोन. त्यालाही रंग फासला, तर बोलणारं कोण उरलं? तो स्क्रीन पाहुण्यांसाठी नाही, साहेब. आपल्यासाठी आहे."

उद्धवराव प्रेसवरून उठले. "ती किल्ली खिशातच ऱ्हाऊ द्या, ताई. सेन्सर बसल्याबिगर ह्या प्रेसला कुणी शिवायचं न्हाई. भिवा, तुझे हात गेले असते तर मी तुझ्या घरच्यांना कोणत्या तोंडानं भेटलो असतो रं!"

दुसऱ्या दिवशी ऑडिटरबाई तांबड्या चौकोनापुढे थांबल्या. कोणी काही विचारायच्या आत उद्धवराव पुढे झाले. "चूक आमची हाय, मॅडम. चला, दावतो." कुलूप लावलेल्या प्रेसजवळ तेच त्यांना घेऊन गेले. बाईंनी दोष लिहिला, दुरुस्तीला मुदत दिली. नवं काम लांबलं, पण गेलं नाही.

सेन्सर बसला त्या दिवशी विजयश्रीने चालू प्रेसमध्ये लाकडी पट्टी घातली. मशीन जागच्या जागी थांबली आणि मगच चौकोन हिरवा झाला. भिवाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून उद्धवरावांनी डोळे पुसले.

मित्रहो, आपल्या कचेरीत, शाळेत, सोसायटीतही असे तांबडे चौकोन असतात. सोसायटीतला रिकामा अग्निशामक सिलिंडर असो की शाळेतला आगीच्या वेळी उतरायचा, पण कायम कुलपात असलेला जिना, तपासणी आली की आपण त्यांना रंग फासतो. तपासणारा तासाभरात निघून जातो. धोक्याच्या शेजारी राहायचं असतं आपल्याला आणि आपल्या माणसांना. राहिलेलं काम राहिलंय असं म्हणायला लाजू नका. तिथूनच ते पुरं व्हायला लागतं.

उद्धवराव आजही सकाळी आले की आधी स्क्रीनपुढे उभे राहतात. प्रश्न मात्र बदललाय.

"ताई, आज तांबडं काय हाय?"