हिल्मीचा हात

"मुनीर, बाबांचा हात तुटलाय. ये," एवढंच बोलून आईने फोन ठेवला. मुनीरने पुन्हा लावला, परत परत लावला, पण ती उचलायचं नाव घेईना. नवाल म्हणजे एकदा फोन कानाला लावला की शेजाऱ्यापाजाऱ्यांची ख्यालीखुशाली सांगितल्याशिवाय न सोडणारी बाई! तीच असं तुटक बोलली तर पोराने काय समजावं? कैरोतल्या ऑफिसात पुढ्यातली कोशरीची थाळी तशीच टाकून तो उठला आणि दुमयातला निघालेल्या मायक्रोबसमध्ये मागच्या बाकावर अंग चोरून बसला.

उजवा की डावा? वाटभर त्याच्या डोक्यात हेच. बाप हिल्मी मूळचा सुतार, त्याचं सगळं देवाने हातातच घातलेलं. दुमयातमध्ये सुतार नसलेलं घर शोधून काढावं लागेल, पण हिल्मीच्या पॉलिशवरून बोट फिरवायला लांबून लोक यायचे. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तसा त्याने रंधा खुंटीला टांगला आणि कारखान्याच्या पुढच्या खोलीत चक्क प्लेस्टेशनचं दुकान थाटलं. गल्लीने तोंडात बोटं घातली. बाकडी त्याने स्वतः केली, पाठीला वेलबुट्टीची नक्षी, नवरीच्या दिवाणखान्यात शोभावी अशी! आणि त्या नक्षीला पाठ टेकून गल्लीतली यच्चयावत कार्टी फुटबॉल खेळायची. तेही जपानी भाषेतलं. समालोचक काय ओरडायचा ते त्या बिचाऱ्यालाच ठाऊक, पण गोल झाला की अख्खं दुकान त्याच्या सुरात सूर मिसळून तसंच ओरडायचं. नियम एकच होता, हरला तो उठला.

शाळा सुटली की मुनीर तिथेच. "हा माझा उजवा हात," हिल्मी येईल त्याला सांगायचा. सांगायचा खरं, पण पोराला खेळायला द्यायचा तो नेमका खोडीचा गेमपॅड, ज्याची डावी दांडी आपसूक वर सरकायची. मुनीरचे खेळाडू बॉल सोडून भलतीकडेच पळत सुटायचे. तक्रार केली की उत्तर ठरलेलं. "चांगला पाहुण्याला. घरच्याला कसला आलाय चांगला नि वाईट?" तो खोडीचा गेमपॅड चुकून गिऱ्हाइकाच्या हाती पडू नये म्हणून आईने त्याच्यावर निळ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला होता.

मग समोर सायबर, म्हणजे कॉम्प्युटरवर गेम खेळायचं दुकान, उघडलं. तिथे कीबोर्ड आणि माऊस. माऊस न्यावा तिथेच जातो, त्याला घरचा आणि पाहुणा कळत नाही. मिसरूड फुटलेल्या मुनीरला तिथे स्वर्गच सापडला. हिल्मी रस्त्याच्या अलीकडून बघत उभा असायचा. माऊसला तो मुद्दाम उंदीरच म्हणायचा. एक दिवस दुकान गच्च भरलेलं असताना त्याने विचारलं, "काय रे, एवढं काय आहे त्या उंदरात?"

"नेम लागतो बाबा," मुनीर बोलून गेला. "तुमच्याकडचे ते पोरासोरांचे खुळखुळे."

दुकान खो खो हसलं. हिल्मी तेवढा हसला नाही.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं हो. भांडण मिटवता तरी येतं. हिल्मीने त्या दिवसापासून मुलाला पाहुण्यासारखं वागवायला सुरुवात केली. पुढे मुनीर कैरोला गेला, दुकान बंद झालं, प्लेस्टेशन घरी आलं. ईदला मुनीर घरी गेला की चांगली खुर्ची त्याला, चहाचा पहिला पेला त्याला आणि वर, "कैरोत उकाडा फार आहे म्हणतात?" टीव्हीखाली ते जुनं यंत्र तसंच असायचं, पण खेळायला ये असं काही बाप म्हणायचा नाही. एकदा, फक्त एकदा बाबांनी "बस इथे गाढवा" म्हणावं, एवढंच मुनीरला हवं होतं. पण हे मागायचं कसं? आणि आता तर हातच तुटला म्हणे. संपलंच की सगळं! बाकावर शेजारी बसलेल्या म्हातारीने न विचारता त्याच्या हातात एक संत्रं ठेवलं, तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण रडतोय.

घराचं दार उघडंच होतं. हिल्मी दिवाणावर बसलेला, अगदी धडधाकट, आणि चहाचा पेला ओठाला.

"हात!" मुनीर दारातूनच ओरडला. "हात कुठाय?"

"तो काय," हिल्मीने टीव्हीखाली बोट दाखवलं.

तिथे गेमपॅड पडला होता. वायरचे दोन तुकडे झालेले.

आता याला काय म्हणावं! गेमपॅड हा शब्द मुनीरच्या ऑफिसातला. आमच्या दुमयातमध्येच काय, साऱ्या इजिप्तमध्ये त्याला हातच म्हणतात. 'माझा हात बिघडलाय', 'मला दुसरा हात दे', हे ऐकत जो लहानाचा मोठा झाला, तोच हा शब्द विसरून बसला होता.

हिल्मीच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने पेला बाजूला ठेवला आणि पोट धरधरून हसला. "अरे, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं! कीबोर्डवाल्याला नाही कळलं!" हसता हसता तो थांबला. "म्हणजे तू माझा हा खरा हात मोडला म्हणून पळत आलास? कामधंदा टाकून?"

"मग काय नाचत येऊ?"

हिल्मीने उगाचच आपल्या मनगटाकडे पाहिलं.

मुनीर तरातरा स्वयंपाकघरात गेला. नवाल मान खाली घालून मुलूखियाचा पाला बारीक करत होती. "मी काय खोटं बोलले?" ती म्हणाली. "तुटलाय ना हात?"

"उंदराने कुरतडली वायर," बाहेरून हिल्मी ओरडला. "तुझ्याच जातभाईने!"

मुनीरने येऊन वायर निरखली. उंदीर कुरतडतो तेव्हा चिंध्या करतो. ही तर काकडी कापावी तशी सरळ कापलेली होती. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतलं चिरणं एकदम जोरात सुरू झालं.

"हो बाबा," तो म्हणाला. "उंदीरच. चांगला पोसलेला दिसतोय."

आत कुणीतरी खाकरलं.

मुनीर जमिनीवर मांडी घालून बसला, वायर सोलली, लालला लाल आणि काळीला काळी पिळली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. हिल्मी शेजारी उकिडवा बसून "घट्ट, अजून घट्ट" करत होता. यंत्र सुरू झालं, जपानी समालोचक जागा झाला. दुरुस्त झालेला तो हात हिल्मीने मुनीरपुढे धरला.

"घे. हा चांगला आहे."

पाहुण्याला चांगला. एवढी धावपळ करून आलो, तरी मी पाहुणाच? त्याने वर पाहिलं. भिंतीवरच्या खिळ्याला दुसरा हात टांगलेला होता, निळ्या ठिपक्याचा. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. मुनीर उठला आणि तो काढून घेतला.

"हा माझा."

"त्याची दांडी वर सरकते."

"मला सांगता?"

हिल्मीने त्याच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं, मग घसा साफ केला. "मग उभा काय राहिलास साहेबासारखा? बस इथे खाली, गाढवा."

मुनीर बसला. खेळाडू भलतीकडे पळायला लागले. हिल्मीने एक गोल केला, दुसरा केला, आणि प्रत्येक वेळी जपान्याबरोबर दोघंही गळा फाडून ओरडले. तिसऱ्या गोलाला स्वयंपाकघरातूनही कुणीतरी ओरडलं. सामना संपला. मुनीरने हात खाली ठेवला आणि तो उठला.

"कुठे निघालास?"

"हरला तो उठला ना?"

"बस." हिल्मीने आवाज खाली आणला आणि स्वयंपाकघराकडे डोळा मारला. "उंदराला कात्री चालवता येते का रे? जन्मभर लाकूड कापलं मी, मला काप कळत नाही होय? पण तिला बोलू नकोस काही. ती खोटं बोलली नाही." त्याने चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. "हात तुटलाच होता माझा. कधीचा."

मुनीर खाली बसला.