टाचणीकाकांकडे राहिलेला अर्ज

विद्यापीठातल्या प्रवास-अनुदानाचे कारकून म्हणजे टाचणीकाका. त्यांनी तपासलेल्या अर्जावर बसायला माशीसुद्धा कचरायची म्हणे. न जाणो, तिच्याकडेही दाखला मागायचे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी पोरापोरींना परिषदांसाठी जगभर धाडलं. स्वतः मात्र बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे गेले नव्हते.

सगळ्यांत लाडकी गांडूळबाई. पावलांची चाहूल गांडुळांना कशी लागते, यावर ती पाच वर्षं घासत होती. परदेशातल्या परिषदेनं तिचं पोस्टर स्वीकारलं. विद्यार्थिनी म्हणून हे शेवटचं वर्ष. अनुदान मिळालं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

अर्जावर फक्त मार्गदर्शकांची सही नव्हती. सर अतिदक्षता विभागात होते.

"अपुरा अर्ज समिती फेटाळते, मग वर्षभर दार बंद," काका म्हणाले. "माझ्याकडे राहू दे. सर उठून बसले की मीच सही आणतो."

"पण समिती परवाच बसतेय."

"पुढच्या महिन्यात पुन्हा बसेल की. तुझ्या गांडुळांना कुठं घाई आहे?"

ती हसली. अर्ज खणात गेला.

समितीत भलतंच घडलं. वर्ष संपत आलेलं, उरलेला निधी परत जाणार, म्हणून सभासदांनी समोर आलेले सगळे अर्ज डोळे झाकून मंजूर केले. एकावर तर खुद्द अर्जदाराचीच सही नव्हती. निधी संपला, पुढची बैठक रद्द झाली. आणि सर काही उठून बसले नाहीत. त्याच आठवड्यात गेले.

काका शब्द जुळवून प्रयोगशाळेत गेले, पण तोंडातून एवढंच निघालं, "मी पाठवलाच नाही गं."

"माझ्या भल्यासाठीच ठेवलात ना," ती म्हणाली. शिव्या परवडल्या असत्या.

परिषदेच्या दिवशी तिनं पोस्टर कचेरीबाहेरच्या भिंतीवर लावलं. लोक नजर टाकून पुढे जात होते. दुपारी काका येऊन समोर उभे राहिले. तिनं ओढणी सावरली आणि एखाद्या विद्वानाला सांगावं तसं सगळं सांगितलं: ओली माती, कंप, आलेख. काकांना ओ की ठो कळलं नाही. तरी ते मान डोलावत राहिले.

"आता प्रश्न विचारायचा असतो, काका."

त्यांनी चष्मा पुसला. "माझ्यावर रागावलीस?"



"हा प्रश्न पोस्टरबाहेरचा आहे," ती म्हणाली, आणि वरच्या कोपऱ्यापासून ते उतरवायला लागली. काकांनी खालची बाजू धरली.