पोदेराच्या भोंपूने ऐकलेली मागणी

मित्रांनो, माझं तोंड पितळेचं आणि पोट रबराचं. पोट दाबलं की तोंडातून आवाज निघतो, एवढीच माझी अक्कल. पोदेराच्या सायकलीवर बसून मी जुना झालो. पोदेर म्हणजे आमच्या गोव्यात दारोदार पाव घेऊन फिरणारा माणूस, आणि त्याचा भोंपू म्हणजे मी. आता माझं रबर कडक झालंय. दाबणाऱ्याची बोटं दुखतात आणि मला काही कळत नाही. म्हणून ही गोष्ट मी गहिवरून वगैरे सांगणार नाही. जशी झाली तशी सांगतो.

जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा म्हापशाच्या बाजारात एका दुकानात दोरीला लटकत होतो. शिवोलीचा कायतान पोदेर आला, त्याने चार भोंपू दाबून पाहिले आणि मला निवडलं. "हो बरो बोवाळ घालता," म्हणाला. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. बोवाळ म्हणजे गोंगाट, हे मला नंतर कळलं. तरी पण कौतुकच होतं ना!

कायतान मला हँडलला बांधून शापोरा नदीपलीकडे, पेडण्यातल्या चोपड्याला न्यायचा. तेव्हा पूल नव्हता. फेरीबोटीत सायकल आडवी धरायची, मागच्या टोपलीवर मेणकापड ओढायचं, आणि पलीकडे उतरल्यावर मला दाबायचं. पोंय पोंय! की बायका पदराला हात पुसत बाहेर. कोणाला गोल उंडे, कोणाला कोंड्याची पोई. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाची म्हैस व्याली, कोणाचा मुलगा बोटीवर लागला, सगळं त्या पाच मिनिटांत कळायचं. चोपड्यात बहुतेक घरं हिंदूंची. कायतान ख्रिस्ती. पण गेटवर त्याने कधी तोंड बांधलं नाही. पाव देताना "देव बरें करूं" म्हणायचा आणि ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणायचा नाही.

वर्षातून एका दिवशी तो मला दाबतच नसे. गुड फ्रायडेला. त्या दिवशी इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, घंटासुद्धा गप्प असते, मग पोदेराचा भोंपू कसा वाजेल? तो टोपलीवर थाप मारत फिरायचा. एका वर्षी एका म्हातारीने विचारलं, "आज भोंपू कित्याक ना रे, कायतान?"

"आज आमच्या देवाक मारलो गे."

"आनी ताची आवय?"

"आवय लागींच उबी आसली."

आवय म्हणजे आई. त्या म्हातारीचा मुलगा आदल्या वर्षी नदीत बुडाला होता. ती पाव हातात धरून बराच वेळ उभी राहिली. कायतानने पुढे काही शिकवलं नाही, पुस्तक दिलं नाही, इगर्जीत चल म्हणाला नाही. तिने विचारलं, त्याने सांगितलं, मग पुढच्या घरी गेला. म्हातारी तुळशीला पाणी घालत राहिली. पण त्यानंतर दर गुड फ्रायडेला ती थाप ऐकून आपणहून बाहेर यायची, आणि दोघं जरा वेळ काही न बोलता उभी राहायची. मला वाटतं माझ्या गप्प राहण्याचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

कायतान गेला आणि मी त्याच्या मुलाच्या हाती आलो. मुलाचं नाव इनास. पाव बापापेक्षा चांगला करायचा, पण बोलायचं म्हटलं की मागे सरायचा. त्याची बायको कोंसू मात्र बोलकी. पीठ मळून झालं की त्यावर हाताने खुरीस, म्हणजे क्रूस, काढायची आणि मोठ्याने म्हणायची, "जेजू, हो पाव खातल्याक बरें कर." जेजू म्हणजे येशू. इनास शेजारी उभा राहून तेच पुटपुटायचा. कोंसू चिडायची. "तुजी जीब कोणें कापल्या रे? लोकांक सांग मरे!" तो म्हणायचा, "हांव कितें पाद्री?" मी काय पाद्री आहे, म्हणजे. त्याला भीती वाटायची. लोक म्हणतील, पोदेर आता पावाबरोबर धर्मही विकायला लागला. मग कोण घेणार पाव?

मग कोंसू वारली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपली. इनास सहाव्या दिवशी सायकल घेऊन बाहेर पडला. रडला नाही. पीठ मळायचा, खुरीस काढायचा, तेच शब्द म्हणायचा. शब्द पाठ होते म्हणून यायचे. एकदा पंक्चर काढताना स्वतःशी म्हणाला, "माका कांयच भोगना." काही वाटतच नाही, म्हणजे. त्या वेळी मला पहिल्यांदा हा माणूस आपल्यातला वाटला.

त्याच सुमारास ती टाळेबंदीवाली साथ आली. साथीत लोकांनी गेटला पिशव्या टांगायला सुरुवात केली. पिशवी बाहेर दिसली की पोदेराने त्यात पाव टाकायचा आणि निघायचं. साथ गेली, पिशव्या राहिल्या. कोणी बाहेर येईना. मला दाबायचं कारणच उरलं नाही. मी हँडलवर नुसता बसून चोपड्याची गेटं बघायचो. निळी पिशवी, चार उंडे. तांदळाची जुनी पिशवी, सहा पोई. माणूस एक नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. रबर तोवर कडक झालं होतं.

दुपारच्या फेरीतलं शेवटचं घर सुलोचनाबाईंचं. बाई मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, एकुलती मुलगी गौरवी फोंड्याला सासरी. बाईंच्या पोटात काहीतरी वाढत होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज एक पोई, चहात भिजवून खायला. त्यांना झोप लागत नाही म्हणून इनास त्या गेटवर मला हातही लावायचा नाही. पिशवीत पोई टाकायचा, आणि मग, मित्रांनो, तो तिथेच थांबायचा. डोळे मिटून ओठातल्या ओठात म्हणायचा, "जेजू, सुलोचनाबायेक बरी कर. तिका एकटी सोडूं नाका." रोज तेच, तेवढंच. त्यात ना सूर ना अश्रू. मी ते एक पावसाळाभर आणि पुढे नाताळापर्यंत ऐकलं.

जानेवारीत एक दिवस बाई स्वतः गेटवर आल्या. स्वेटर खांद्यावरून घसरत होता इतक्या बारीक झालेल्या. त्यांनी पोई पिशवीतून नाही, हातातून घेतली.

"इनास, कोंसू गेली तेन्ना तू कसो तगलो रे?"

हा प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नव्हता. बाईंना उत्तर हवं होतं. त्यांचा हात उघड्या गेटच्या गजावर होता आणि डोळे इनासच्या तोंडावर. त्या म्हणाल्या, "माका आतां कांयच दिसना. देवाक हात जोडटां, तेय नुसते हात."

आणि इनासकडे उत्तर होतं! अगदी तेच उत्तर होतं. आपल्यालाही काही वाटत नाही, तरी रोज खुरीस काढतो. जेजू आपल्या वाटण्या न वाटण्यावर थांबून राहत नाही म्हणून आपण अजून उभे आहोत. आणि बाय, रोज दुपारी तुझं नाव मी त्याच्या कानावर घालतो. एवढं सांगायचं होतं.

इनासने मला धरलं. बोटं दाबलीही नाहीत, नुसती धरून ठेवली. "कसो म्हणल्यार..." तो म्हणाला. मग म्हणाला, "लोकांक पाव जाय न्हय? सायकल काडली." लोकांना पाव हवा ना, म्हणजे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हसून म्हणाला, "पोय गरम आसा, बाय. गरम आसतना खा."

बाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. इनास गेटवर तसाच थांबला, डोळे मिटले आणि पुटपुटला. बाईंचं दार तोवर लागलं होतं. अरे माणसा! आत्ता तर समोर उभी होती ना ती?

पुढच्या रविवारी इनासने मला इगर्जीबाहेर सायकलसकट उभं केलं. कर्ण्यावरून पाद्रीचं बोलणं ऐकू येत होतं. तो म्हणत होता, तुम्हाला बसमध्ये, बाजारात, बांधावर माणसं भेटतात. त्यांना उपदेश करू नका, कोणाचा देव काढून घेऊ नका. पण तुमच्या घरात अंधार झाला तेव्हा तुम्हाला कोणी धरून ठेवलं, हे कोणी विचारलं तर लपवू नका. लपवलंत तर तुमच्याकडे काही आहे हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं? इनास बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. सायकलीचं कुलूप काढताना म्हणाला, "फाल्यां सांगतां." उद्या सांगतो.

उद्या आला. दुपारी आम्ही बाईंच्या गेटवर पोचलो. पिशवी होती, खिडकी बंद होती. इनास म्हणाला, "न्हिदल्या." झोपलीय. त्याने पोई टाकली, पुटपुटला आणि निघाला. मंगळवारी खिडकी बंद. कालची पोई पिशवीत तशीच. आजारी माणसाला रोज कुठे खाववतं, म्हणून त्याने शिळी काढली आणि ताजी ठेवली. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. खरं सांगू? बंद खिडकी बघून त्याला थोडं हायसं वाटायचं. सांगायचं आणखी एक दिवस पुढे जायचं. मला एकदा दाबलं असतं तर शेजारपाजारचं कोणीतरी डोकावलं असतं आणि सगळं कळलं असतं. पण बाईंची झोप मोडू नये म्हणून त्याने मला दाबलं नाही. आणि गावभर पिशव्याच पिशव्या, पिशव्या कुठे बोलतात?

सोमवारी गेट उघडं होतं. गौरवी ओसरीवर कपड्यांची बोचकी बांधत होती. आम्हाला बघून ती खाली आली, पिशवी गेटवरून काढली आणि आतल्या पोईकडे बघत राहिली.

"इनासबाब, आई गेली. मंगळारा, फोंड्यांत. आयतारा हांवेंच तिका व्हेल्ली. ही पिशवी काडपाची रावली."

म्हणजे मित्रांनो, इनास इगर्जीत बसून पाद्रीचं ऐकत होता तेव्हा गौरवीची गाडी बाईंना घेऊन चालली होती. आणि त्यानंतर सगळा आठवडा आम्ही रिकाम्या घराला पाव घालत होतो.

इनासने टोपी काढली. गौरवी म्हणाली, "एक विचारूं? तूं रोज हांगा रावून कितें म्हणटालो?"

इनास हातातली टोपी चुरगळत राहिला.

"आई खिडकींतल्यान पळयताली. म्हणटाली, तो माजें नांव घेता गो, पूण कितें म्हणटा तें कळना. निमाण्या दिसा लेगीत म्हणाली. ताका विचार, म्हणाली."

म्हणजे बाई खिडकीतून बघायच्या. शेवटच्या दिवशीसुद्धा! इनासचा खालचा ओठ हलायला लागला. कोंसूच्या वेळी न हललेला ओठ. "मागतालों," तो म्हणाला, "जेजूलागीं. बायेखातीर." मागणं म्हणजे प्रार्थना.

"मागीर तिका कित्याक सांगलें ना?" मग तिला का नाही सांगितलं? गौरवीच्या आवाजात राग नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, आईला शेवटी वाटायचं की आपली कोणाला आठवण नाही, देवालाही नाही. मी कितीही सांगितलं तरी मी पडले मुलगी, माझं ती धरायची नाही. परक्या माणसाने सांगितलं असतं तर धरलं असतं.

इनास म्हणाला, "भियेलों." भ्यालो. बास, तेवढंच.

रस्त्यावरून दोन बायका डोक्यावर चाऱ्याचे भारे घेऊन येत होत्या. समोरच्या घरातला माणूस अंगणात उभा होता. गौरवीने पिशवीची घडी केली आणि म्हणाली, "आतां म्हण. माका आयकूं येता तशें म्हण."

आणि इनासने म्हटलं. डोळे उघडे ठेवून, भर रस्त्यात, मोठ्याने. आवाज फाटत होता, दोन ठिकाणी थांबावं लागलं. "जेजू, सुलोचनाबायेक तुज्यालागीं ने. हे चेडवाक एकटी सोडूं नाका. आनी हांव भियेलों, माका माफ कर." चाऱ्यावाल्या बायका थांबल्या. अंगणातला माणूस आत गेला नाही. कोणी हसलं नाही, कोणी धर्माचं नाव काढलं नाही. गौरवीने आपल्या रीतीने हात जोडले आणि रडली. इतके दिवस ती रडली नव्हती, असं तिनेच सांगितलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी जे जेजूला मानतात त्यांना मी एवढंच सांगतो. मी पितळ आणि रबर. मला विश्वास ठेवता येत नाही, मला दाबावं लागतं. तुम्हाला तर जीभ दिली आहे. शब्द सुंदर नसले तरी चालतील, मनात काही उमटत नसलं तरी चालेल, इनासच्याही मनात उमटत नव्हतं. शेजारच्याला त्याच्या देवापासून ओढू नका. पण त्याच्यासाठी मागत असाल तर त्याला ऐकू येईल असं मागा, आणि त्याने विचारलं तर पावाचं सांगू नका.

सुलोचनाबाईंनी विचारलं होतं. गेट मधे होतं, पण ते उघडं होतं.